सहा नंबरचं खोकं

बुटांची अकरा खोकी मी माझ्या या हातांनी रद्दीवाल्याच्या गाडीवर रचली, दोरीने बांधली, आणि वर त्याला बजावलं की बाबा, जपून ने, वाटेत पडतील. आयुष्यात इतक्या काळजीने मी दुसरं कुठलंही काम केल्याचं आठवत नाही.

झालं असं की, आमच्या वर्तमानपत्राच्या कचेरीला रंग लागायचा होता आणि सगळी कपाटं रिकामी करा, असं फर्मान निघालं होतं. तळमजल्यावर छोट्या जाहिरातींची खिडकी आहे. तिच्यामागचं कपाट माझ्या गळ्यात पडलं, कारण खिडकीवर बसणाऱ्या ताई त्या दिवशी रजेवर होत्या. ताई परीक्षेला गेल्या होत्या. वयाच्या पन्नासाव्या वर्षी. पण ते पुढे येईलच.

कपाटाच्या खालच्या खणात ही खोकी. प्रत्येकावर बुटाचा नंबर छापलेला: सहा, सात, आठ, पुन्हा सात. मला वाटलं, ताईंनी फावल्या वेळात चपलांचं दुकान काढलं की काय. एक उघडून पाहिलं तर आत कागद. माणूस गेल्यावर घरचे लोक वर्तमानपत्रात निधनाचं छोटं निवेदन देतात. ते देताना जो कागद भरतात, ते कागद. पंचवीस-पंचवीस वर्षांचे. हे कागद तीन महिने जपायचे, कुणी तक्रार घेऊन आलं तर दाखवायला, आणि मग फेकून द्यायचे, असा आमचा नियम. त्यातून हे सगळे रेघांनी भरलेले. चार ओळी लिहिलेल्या आणि त्यातल्या दोन खोडलेल्या.

मी पेशाने उपसंपादक. दुसऱ्यांचा मजकूर कापणं हे माझं काम, म्हणून कचेरीत मला 'कात्री' म्हणतात. ज्या ओळीवर रेघ पडली ती ओळ माझ्या लेखी जन्मालाच आलेली नसते. वीस वर्षं या श्रद्धेवर मी पोट भरलंय. तेव्हा खोडलेल्या मजकुराची अकरा खोकी सांभाळून ठेवणं हा वेडेपणा असून तो आज आपल्या हातून संपतोय, या विचाराने मला अंमळ धन्यच वाटलं.

तिसऱ्या दिवशी ताई आल्या. ओल्या रंगाच्या वासात त्यांनी कपाट उघडलं, खालच्या खणात हात घातला, आणि तो हात तसाच बराच वेळ आत राहिला.

"कात्रीभाऊ," त्या म्हणाल्या, "सहा नंबरचं खोकं कुठंय?"

मला विनोद सुचला. मला नको तेव्हा सुचतो. मी म्हटलं, "ताई, इतका लहान पाय कुणाचा हो?"

ताई खुर्चीवर बसल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, रागाने नव्हे. नुकतीच गाडी सुटलेल्या फलाटाकडे पाहावं तसं पाहिलं. मग अगदी हळू आवाजात सांगितलं की, त्या खोक्यांत त्यांचा प्रबंध होता. पत्रकारितेच्या पदव्युत्तर पदवीचा. मी धावत रद्दीवाल्याकडे गेलो. तो शांतपणे म्हणाला, ते त्याच संध्याकाळी कागदाच्या कारखान्यात गेलं, आता त्याचा पुठ्ठा झाला असेल. आणि माझं सांत्वन करावं म्हणून पुढे म्हणाला, "बुटांची खोकी होतात त्याचीच."

आता या खोक्यांचं मोल कळायचं तर आधी ताई कळायला हव्यात.

जाहिरातीच्या खिडकीला एक मोठी काच आहे आणि काचेच्या खालच्या अंगाला अर्धचंद्रासारखं भोक. बोलायचं, कागद द्यायचा, तर माणसाला वाकावं लागतं. त्यामुळे पंचवीस वर्षं ताईंनी शहरातली माणसं पाहिली ती वाकलेली. बाजारात कोणी सरळ उभं राहून "काय ताई, ओळखलंत का?" असं विचारलं की ताई गोंधळायच्या. त्यानेच जरा मान तिरकी करून वाकून दाखवलं की लगेच, "अहो तुम्ही! तुमचं हरवलेलं मांजर मिळालं का?"

हरवलेली मांजरं, भाड्याच्या खोल्या, जुनी कपाटं विकणे आहे, हे सगळं त्या खिडकीतून आत यायचं. पण ताईंचं खरं काम निधनाच्या निवेदनांचं. त्यांची चौकट चाळीस शब्दांची. एकेचाळिसावा शब्द मावत नाही. माणसं साठ-सत्तर शब्द लिहून आणायची. ताई मोजायच्या आणि कागद परत भोकातून बाहेर सरकवायच्या. "चाळीसच बसतात हो," हे वाक्य त्यांनी हजारो वेळा म्हटलं असेल आणि दर वेळी जणू चूक आपलीच आहे अशा सुरात म्हटलं असेल. मग बाहेरचा माणूस पेन हातात घेऊन उभा राहायचा. काय कापायचं? नाव कापता येत नाही. वय, वेळ, ठिकाण कापता येत नाही. 'दुःखी कुटुंबीय' तर अजिबातच नाही. मग कापला जायचा तो गेलेला माणूस.

'दाढी करताना शीळ घालत.' खोडलं. 'कुलूप लावल्यावर ते तीनदा ओढून पाहत, आणि चौथ्यांदा पाहायला अर्ध्या रस्त्यातून परत येत.' खोडलं. एका शिंप्याच्या मुलाने लिहिलं होतं की, वडिलांना शेवटची दहा वर्षं सुईचं नाकच दिसत नव्हतं. आई पडद्याआड बसून दोरा ओवून द्यायची, आणि गिऱ्हाइकाला पत्ता लागायचा नाही. तेही खोडलं. उरलेले चाळीस शब्द ताई टंकून वर पाठवत. सकाळी ते छापून येत, एकासारखं एक, सगळी माणसं एकाच साच्यातून काढल्यासारखी.

तीन महिने झाले की कागद फेकायची वेळ यायची. ताईंचा हात कचऱ्याच्या डब्यापर्यंत जायचा आणि तसाच मागे यायचा. नोकरीला लागताना त्यांनी नवे बूट घेतले होते, सहा नंबरचे. त्याचं खोकं रिकामं होतं, त्यात पहिले कागद गेले. मग नवऱ्याच्या बुटांचं, मग मुलीच्या. मुलीचा पाय वाढत गेला तसतसा कपाटातला नंबरही वाढत गेला.

सहा नंबरच्या खोक्यात सगळ्यात तळाशी एक कागद ताईंच्याच अक्षरातला होता. नोकरीला लागून अकरा दिवस झाले होते आणि त्यांचे वडील गेले. ताई आपल्या जागेवरून उठल्या, दारातून वळसा घालून खिडकीच्या बाहेरच्या बाजूला आल्या आणि आपल्याच रिकाम्या खुर्चीसमोर वाकल्या. आई शेजारी उभी होती. तिथे उभ्याने लिहिलेलं निवेदन. त्यातली एक ओळ खोडलेली. ती ओळ काय होती हे ताईंना पक्कं ठाऊक आहे, असं त्यांना पंचवीस वर्षं वाटत आलं होतं. कागद खोक्यात आहे, खोकं कपाटात आहे, मग आठवून कशाला पाहायचं?

पदवीची गोष्टही खिडकीतूनच आत आली. विद्यापीठाचा एक कारकून जाहिरात घेऊन आला: पत्रकारिता, पदव्युत्तर पदवी, दोन वर्षं, संध्याकाळचे वर्ग, वयाची अट नाही. ताईंनी सवयीने शब्द मोजले. एकोणचाळीस भरले. एका शब्दाची जागा रिकामी होती. कारकून गेला, दुपारचं ऊन काचेवरून सरकत टेबलावर आलं, आणि त्या रिकाम्या जागेकडे पाहता पाहता ताईंना वाटायला लागलं की ही जागा आपली आहे. भरल्या बसमध्ये एकच बाक रिकामा दिसावा आणि सगळे प्रवासी आपल्याकडे बघून सरकून बसावेत, तसं.

त्यांचे यजमान चष्म्याच्या दुकानात काचा घासतात. रात्रीच्या जेवणाला ताईंनी विषय काढला. यजमानांनी आपला चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि बायकोकडे नीट पाहिलं. "दोन वर्षं ना? घाल," म्हणाले. "लांबचं दिसायला लागेल." मुलगी परगावी शिकत होती आणि तिचं पदव्युत्तरचं दुसरं वर्ष चालू होतं. ती फोनवर आधी दोन मिनिटं हसली आणि मग म्हणाली, "आई, म्हणजे तू मला ज्युनियर. उठून उभी राहा."

अर्ज संगणकावर भरायचा होता. फोटो चढवला तर उत्तर आलं, फोटो मोठा आहे. लहान केला, तरी मोठा आहे. तिसऱ्यांदा कान कापले गेले तेव्हा कुठे तो मावला. ताईंना गंमत वाटली. म्हणजे इथेही माणसाला चौकटीत बसेपर्यंत छाटतात तर. पण पुढच्या पानावर उलटंच संकट होतं. 'हा अभ्यासक्रम तुम्हाला का करायचा आहे? पाचशे शब्दांत लिहा.' ताईंनी लिहिलं, मोजलं, अडतीस शब्द. त्यांनी पुन्हा लिहिलं, पस्तीस. यजमानांनी काही ठिकाणी 'खरोखर' आणि 'अतिशय' घालून पाहिलं. तीन रविवार गेले. स्वप्नात ताईंना एक लांबच लांब बाकडं दिसायचं. त्यावर चारशे साठ शब्द हातात छत्र्या घेऊन बसलेले असायचे, आणि त्यांचा नंबर काही लागायचा नाही. शेवटी एकशे बारा शब्दांवर त्यांनी डोळे मिटून कळ दाबली.

मुलाखतीला समोर तिघं होते. मधल्या बाईंनी विचारलं, इतक्या वर्षांनी आता का?

"मी पंचवीस वर्षं लोकांना कोण, कुठे, केव्हा, किती वर्षांचे, हे विचारतेय," ताई म्हणाल्या. "कसे होते, हे विचारायला जागा नव्हती."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्या मधल्या बाई म्हणजेच पुढे ताईंच्या मार्गदर्शिका झाल्या. ताईंपेक्षा तेरा वर्षांनी लहान, आणि बारा महिने थंडी वाजणाऱ्या. भर उन्हाळ्यात स्वेटर घालून शिकवायच्या. दोघी एकमेकींना अहोजाहो करत. एक 'मॅडम' म्हणे, दुसरी 'ताई'. बाकीचा वर्ग बाविशीतला. पहिल्या आठवड्यात त्यांनी 'काकू' म्हणून पाहिलं. मग कुणीतरी खिडकीची हकिगत ऐकली आणि 'खिडकीताई' हे नाव जे चिकटलं ते हजेरीपट सोडून सगळीकडे गेलं.

पहिलं काम होतं, बाजारात जाऊन एक दिवस काढा आणि हजार शब्द लिहा. ताई पहाटेपासून दुपारपर्यंत बाजारात बसल्या. कागद दिला तो चाळीस शब्दांचा. काय, कुठे, केव्हा, किती; एक शब्द इकडचा तिकडे करता येणार नाही असा.

"छान आहे," मॅडम म्हणाल्या. "बाकीचं कुठंय?"

"खोडलं."

"मग मला खोडलेलं आणून द्या."

ताई दुसऱ्या दिवशी बाजाराचे कागद घेऊन गेल्याच, पण सोबत आठ नंबरचं एक खोकंही घेऊन गेल्या. का, ते त्यांनाही सांगता आलं नाही. मॅडमनी झाकण उघडलं आणि वाचायला लागल्या. चहा आला, गार झाला. बाहेरचा उजेड विटकरी, मग राखाडी झाला. वर्गात मुलं येऊन बसली आणि निघूनही गेली. शेवटी मॅडमनी झाकण लावलं, स्वेटरच्या बाहीने नाक पुसलं आणि म्हणाल्या, "ताई, हा तुमचा प्रबंध."

त्यानंतरचं दीड वर्ष ताई जरा जमिनीपासून वर चालत होत्या, असं यजमान सांगतात. सकाळी खिडकी, संध्याकाळी वर्ग, रात्री जेवण झाल्यावर ताटातच पुस्तक. बसमध्ये डोळा लागला की खोडलेली माणसं भेटायची. एका लांब रस्त्याने ती सगळी चालताहेत, एक शीळ घालतोय, एक मधूनच थांबून कुलूप पाहायला परत फिरतोय, आणि कुणालाच कुठे पोचायची घाई नाही. दोनदा बस शेवटच्या थांब्यावर गेली तेव्हा वाहकाने उठवलं. शेवटचा पेपर झाला की खोकी घरी न्यायची आणि लिहायला बसायचं, असं ठरलं होतं. त्याच शेवटच्या पेपराच्या दिवशी आमच्या कचेरीला रंग लागला, आणि पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि नियम सांगितला. मूळ कागद नाहीत तर प्रबंधाला पाया नाही. विषय बदलता येईल, पण मुदत सहा महिन्यांवर आलेली. विद्यापीठ एकदाच, एका वर्षाची मुदत वाढवून देतं. तेवढ्यात प्रबंध आला नाही तर नाव रद्द; पदवी हवी असेल तर पुन्हा पहिल्यापासून. आणि पुन्हा पहिल्यापासून करायला ताईंजवळ ना रजा उरली होती, ना उमेद.

मी पश्चात्तापाने पोळलो होतो. माणूस पोळला की काहीतरी करतो. मी चपलांच्या दुकानात जाऊन अकरा रिकामी खोकी मागून आणली आणि ताईंच्या कपाटात मांडून ठेवली. ताईंनी ती पाहिली, एकेक उचलून पाहिली. माझ्या मनाचा मोठेपणा बघून त्यांना भरून आलं असावं, असं मला वाटलं. त्या नंबर वाचत होत्या. सहा नंबरचं त्यात एकही नव्हतं.

मग त्यांनी वरच्या मजल्यावर जाऊन अंकांच्या बांधीव फायली काढल्या. छापून आलेलं निवेदन समोर ठेवायचं आणि डोळे मिटायचे. त्यांना सगळं दिसायचं: लिहिणारा हात, त्यावरची अंगठी, चावलेलं पेनाचं टोपण, कागदावर पडलेला घामाचा थेंब. फक्त रेघेखालचं दिसायचं नाही. काही ठसठशीत ओळी त्यांच्या आणि मॅडमच्या लक्षात होत्या, पण त्या वीस-पंचवीस. बाकी धुकं. पंधरा दिवस हा प्रकार चालला. सोळाव्या दिवशी त्यांनी फाईल मिटली आणि मुदतवाढीचा अर्ज केला. ओळी गेल्या होत्या, पण लिहिणारे लोक तर शहरातच होते. जाऊन विचारायचं, त्या दिवशी तुम्ही काय खोडलंत?

माझी स्कूटर आहे. शिक्षा म्हणून म्हणा, मी दर रविवारी दुपारी तिच्यासकट हजर व्हायचं ठरलं. अटी दोन होत्या: कोपऱ्यातल्या खुर्चीवर गप्प बसायचं, आणि कुणी लांबण लावली तरी तोंड उघडायचं नाही. बोलणारा भरकटला की माझे हात सवयीने शिवशिवायचे. मी घड्याळाकडे पाहिलं की ताई हळूच माझ्या पायावर पाय द्यायच्या. सहा नंबरचा पाय दिसायला लहान असतो.

पहिली काही घरं विचित्र गेली. दार उघडून सरळ उभी राहिलेली माणसं ताईंना ओळखू येईनात. मग ती चहाचा कप ठेवायला वाकली की एकदम ओळख पटायची, आणि ताईंचा चेहरा उजळायचा. माणसंही आधी बिचकायची. वीस वर्षांपूर्वी काय खोडलं हे कुणाला आठवतं? पण थोडा वेळ गेला की खोलीत काहीतरी सैल व्हायचं. पडदा हलायचा, घड्याळ टिकटिकायचं, आणि ज्या खुर्चीकडे इतका वेळ कुणी पाहत नव्हतं त्या खुर्चीकडे बोलता बोलता सगळे पाहायला लागायचे.

शीळ घालणाऱ्या गृहस्थांच्या बायकोने तर साफ सांगितलं की ते शीळ घालत नसत. "त्यांना कुठली येतेय? मी घालायचे, स्वयंपाकघरातून. ते दाढी करताना नुसता ओठांचा चंबू करायचे. मुलाला वाटायचं, बाबाच घालतात." आणि सत्तरीच्या त्या बाईंनी आम्हाला शीळ घालून दाखवली. कोपऱ्यातल्या खुर्चीवर मी घड्याळाकडे पाहायचं विसरलो.

शिंप्याची बायको आता खाटेवरच असायची. दोरा ओवण्याची आठवण काढल्यावर ती तोंडाला पदर लावून हसली. "मला तरी कुठे दिसत होतं गं? मी अंदाजाने ओवायचे. त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी दुकानच बंद केलं असतं."

ताई परत येताना बोलत नसत. स्कूटरवर मागे बसून मांडीवर वही धरलेली. एकदा मात्र वाऱ्यात ओरडून म्हणाल्या की, त्या कागदांवर जे होतं त्यापेक्षा हे जास्त आहे. मी मान डोलावली आणि मनात कुठेतरी नोंद करून ठेवली. ती नोंद पुढे मला महागात पडली.

बासष्ट घरं झाली. मी आणलेली खोकी वह्यांनी भरत आली. त्रेसष्टावं घर राहिलं होतं, तिथे ताईंनी मला नेलं नाही. आईकडे त्या बसने गेल्या.

आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. वाळलेले कपडे घड्या घालत बसली होती. ताईंनी दुसरं टोक धरलं. चादरीची घडी घालताना दोघी एकमेकींजवळ येत, लांब जात, पुन्हा जवळ येत. तिसऱ्या चादरीला ताईंनी विचारलं, "आई, बाबांच्या निवेदनात मी कुठली ओळ खोडली होती गं? मला आठवेना झालंय."

"तू कुठे खोडलीस?" आई म्हणाली. "मी खोडली."

ताईंच्या हातात चादर तशीच राहिली.

त्यांचे वडील रस्त्यावरच्या दिव्यांचे मिस्त्री होते. बंद पडलेले दिवे शोधून दुरुस्त करायचे. त्यामुळे कुठेही जाताना, सुट्टीच्या दिवशीसुद्धा, मान वर करून चालायचे. ठेचकाळायचे, खांबाला आपटायचे, एकदा एका दुकानदाराच्या खुर्चीत जाऊन बसले होते. लेकीने लिहिलं होतं, 'ते वर बघत चालत.' आईला वाटलं, लोक हसतील. लेकीच्या हातातून पेन घेऊन तिनेच रेघ मारली होती.

"मी त्यांचा हात धरून चालायचे ना," आई म्हणाली, "लोक म्हणायचे, किती प्रेम! प्रेम कसलं, पडतील म्हणून धरायचे." तिने चादरीचं टोक लेकीच्या हातातून घेतलं, शेवटची घडी घातली, तळव्याने दाबली. "मग सवयच लागली. ते गेल्यावर रस्त्यात हाताचं काय करायचं, तेच कळेना. हेही लिहिलं असतंस तर खोडावं लागलं असतं."

त्या दिवशी ताई बसने परतल्या नाहीत. चालत निघाल्या. दिवेलागणीची वेळ होती. एकेक दिवा आधी लुकलुकायचा, मग विचार करून पेटायचा. ताई मान वर करून चालत होत्या. त्यांनी दोन माणसांना धक्का दिला, एका सायकलवाल्याची बोलणी खाल्ली, आणि एका वळणावर एक दिवा लागलाच नाही तेव्हा त्याच्याखाली बराच वेळ थांबल्या. त्यांचा उजवा हात आपोआप शरीरापासून जरा लांब राहिला होता, कुणीतरी धरावा तसा. हे त्यांनी मला सांगितलेलं नाही. प्रबंधाच्या शेवटच्या पानावर आहे.

प्रबंध दोनशे अठरा पानांचा झाला. मुदतीच्या अकरा दिवस आधी तो विद्यापीठात पोचला. पाचशे शब्दांचा अर्ज लिहिताना घामाघूम झालेल्या बाईने दोनशे अठरा पानं लिहिली आणि मॅडमना त्यातली तीस कापावीशी वाटली, तर ताईंनी कापू दिली नाहीत. पहिल्याच पानावर तळाशी बारीक अक्षरात टीप आहे: 'मूळ कागद एका सहकाऱ्याने रद्दीत घातले.' बस्स. वीस वर्षं मी वर्तमानपत्रात लिहितोय, कुणाला माझं नाव आठवत नाही. आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयात कायमचा राहिलो तो सहा शब्दांत, तोही 'एक सहकारी' म्हणून.

तोंडी परीक्षेला बाहेरून एक गंभीर परीक्षक आले होते. त्यांनी नेमकं त्या टिपेवर बोट ठेवलं. इतकं मोठं नुकसान, आणि त्या सहकाऱ्याबद्दल एवढंच?

"सर," ताई म्हणाल्या, "चौकटीत तेवढंच बसत होतं."

परीक्षक हसले, असं मॅडमनी सांगितलं. मग त्यांनी पुढे काही विचारलं नाही. उलट स्वतःच्या आईबद्दल पाऊण तास बोलले, आणि ताईंनी ते सवयीने वहीत उतरवून घेतलं.

पदवीदानाला ताईंचा झगा दोन बोटं लांब होता. यजमानांनी कॅमेऱ्याची काच इतक्यांदा पुसली की नाव पुकारलं तेव्हाही ते पुसतच होते; फोटो आला तो ताई मंचावरून खाली उतरतानाचा. मुलगी रजा काढून आली होती. आईला पाहून ती उठून उभी राहिली.

सोमवारी ताई पुन्हा खिडकीवर. चौकट अजून चाळीस शब्दांचीच आहे. वरच्यांना बदल पचायला वेळ लागतो. पण खिडकीबाहेर आता एक खुर्ची असते, आणि कागदाला एक कोरा कागद जोडलेला असतो, छापायचा नाही असा. लोक खुर्चीवर बसतात, वाकत नाहीत. आणि काचेआडच्या ताई, पदव्युत्तर, हनुवटीला हात लावून ऐकत राहतात.

त्या दिवशी मी पेढ्यांचा पुडा घेऊन खाली गेलो. खरं तर ते माझंच मन मोकळं करायला. वर्षभर ठेवलेली ती नोंद आता काढावी, असं मला वाटलं. मी त्या बाहेरच्या खुर्चीवर बसलो, घसा साफ केला आणि बरंच बोललो. म्हटलं, ताई, मी चुकलो हे खरं. पण खोकी असती तर तुम्ही कागदच वाचत बसला असता. ती शीळ ऐकू आली नसती. तो दोरा कळला नसता. आईंकडे तर तुम्ही कधी विचारायलाच गेला नसता. तेव्हा, रागावू नका, पण एका अर्थी तुमच्या या पदवीत माझा थोडा वाटा आहे, असं नाही का वाटत तुम्हाला?

ताईंनी मला शेवटपर्यंत बोलू दिलं. एक पेढा उचलला, खाल्ला, बोटं रुमालाला पुसली.

"खोकी असती," त्या म्हणाल्या, "तर मी वर्षभर आधी सुटले असते."